फुलीची यादी

मैंदर्गी माझं माहेर, अक्कलकोट तालुक्यातलं, घरात समदा कारभार कन्नडमधी, अव्वा कन्नड, अप्पा कन्नड, म्हशीला हाक मारायची ती बी कन्नडमधीच, आन शाळा बी कन्नडचीच, ती बी चौथीपतोर, मंग अप्पा म्हनले बास झालं आता, म्हशीमागं जा. नाव माझं निंगव्वा. हितं सोलापुरात कुनी निंगूबाई म्हनतं, कुनी मावशी, तेलुगू गल्लीत पेरुगू अम्मा म्हनत्यात, पेरुगू म्हंजी दही, आमी त्याला मोसरू म्हनतो, आन मुसलमान मोहल्ल्यात मी दहीवाली खाला. लिवा तुमी निंगव्वाच लिवा, अप्पानं ठेवलेलं नाव हाय ते.

अव्वा मैंदर्गीच्या बाजारात दही इकायची, तेच मी हितं आल्यावर केलं. लगीन होऊन आले तवा मालक मिलमधी कामाला व्हते, पगार व्हता, भोंगा झाला की जायचं, भोंगा झाला की यायचं, मला काय बाहेर जायची गरज न्हवती. मंग मिल बंद पडली. मालक रोज सकाळी उठून कापडं घालून बसायचे, जनू आत्ता भोंगा व्हनार हाय, आन मी बगत ऱ्हायचे. एक म्हैना बगितलं, दोन म्हैनं बगितलं, मंग म्हनलं ह्या मानसाचं मन आता हलत न्हाय, आपनच हललं पायजे. दूध इकत घेतलं, गाडगी आनली, सांच्याला विरजन लावलं आन सकाळी पाटी डोक्यावर घेऊन निगाले. तेला आता तीसच्या वर वर्सं झाली. मालक गेले, पोरगी महादेवी तिच्या घरी गेली, पन पाटी काय खाली ठिवली न्हाय मी.

आन काय सांगू तुमाला, दही इकनारीला जे कळतं ते कुनाला कळत न्हाय. दार उघडतं ना रोज. ज्या घरात तीन वाट्या घ्यायच्या तितं दोन घ्यायला लागले की समजायचं, पोरगं भिवंडीला न्हायतर पुन्याला गेलं. एकदम पाच घेतल्या की पोरगी बाळंतपनाला आली. म्हातारा गेला की पंदरा दिवस कुनी दही मागत न्हाय, मी बी इचारत न्हाय, नुसतं दारात थांबून फुडं जायचं, थांबायचं मातर. मला कुनी शिकवलं न्हाय ह्ये. आपोआप डोक्यात बसत गेलं, कोन हाय, कोन न्हाय, कोन कुटं गेलं. ते कवा कुनाच्या कामाला येईल, आसं मनात बी न्हवतं माज्या.

तर आमच्या वार्डात अण्णा पयल्यांदा उभे राहिले. त्यांचं नाव नको लिवायला, अण्णाच लिवा, समदे अण्णाच म्हनत्यात. सकाळच्या पारी माज्या कट्ट्यावर येऊन बसले, हातात यादीचा गठ्ठा, म्हनले निंगव्वा, ह्या यादीत दोन मानसं एका घरात दिसत्यात आन घरात बगायला गेलो तर घरच न्हाय, तुला समद्या गल्ल्या म्हाईत हायत, जरा सांग की कोन हाय आन कोन न्हाय. मी म्हनलं अण्णा, मला मराठी वाचता येत न्हाय, माझी शाळा कन्नडची. ते म्हनले मी वाचतो, तू सांग. ते वाचत गेले आन मी सांगत गेले. हा मेला. हिचं लगीन झालं, विजापूरला दिली. ही दोन न्हाईत, ही एकच बाई हाय, एकदा माहेरचं नाव लागलंय, एकदा सासरचं. अण्णा पेन्सिल चालवत व्हते, मदीच थांबले आन माज्या तोंडाकडं बगत ऱ्हायले.

त्या यादीवरच मी मराठी वाचायला शिकले बगा. आता हसाल तुमी. पन मानूस म्हाईत आसला की त्याचं नाव वाचायला येळ लागत न्हाय. घर नंबर बगायचा, म्हनायचं हितं तर नरसम्मा ऱ्हाती, म्हंजी ह्ये न, ह्ये र, ह्ये स. चार दिवसात नावं यायला लागली, म्हैन्यात दुकानाच्या पाट्या यायला लागल्या. पोरीला दाखवलं वाचून, ती म्हनली आई तू तर मतदार यादीत शिकलीस. व्हय, म्हनलं, तुज्या शाळेत फी लागत व्हती.

मंग दर विलेक्शनला माझं ह्ये काम. तीन खुना करायच्या. बरोबरची खून म्हंजी हमखास येनार आन आपल्याला देनार. गोल म्हंजी येईल, पन कुनाला देईल त्याचा भरवसा न्हाय. आन फुली म्हंजी ह्येच्यामागं जाऊ नका, मेलाय, गावात न्हाय, न्हायतर मत टाकायला कवाच येत न्हाय. अण्णांची मानसं मंग बरोबरच्या घरी चिठ्ठी द्यायला जायची, गोलाच्या घरी अण्णा सोता जायचे, फुलीच्या घरी कुनीच न्हाय. आन मी म्हनेन तसंच व्हायचं. मला इचारत्यात, निंगव्वा तुला कळतं कसं. काय सांगू. जो लई गोड हसून व्हय व्हय म्हनतो ना, तेच्या नावापुडं मी गोल करायची. जी बाई दारातच भांडायला लागती, की नळाला पानी पाच दिवसांनी येतंय आन तुमी आता तोंड दाखवताय, तिच्यापुडं बरोबर करायची. का, तर तिला काय तर पायजे हाय. ज्याला गाऱ्हानं हाय त्यो मत टाकायला येतो बगा. ज्याचं गाऱ्हानंच संपलं त्यो घरात बसतो. माजे मालक शेवटची दोन विलेक्शनं गेले न्हाईत, मी त्येंच्या नावापुडं सोताच्या हातानं फुली मारली व्हती, आन त्येंनी ती बगितली.

अण्णा वाईट मानूस न्हवता, ह्ये बी लिवा. पडले एकदा, दोनदा निवडून आले. आमच्या बोळात नळ त्येंनीच आनला. माजा जावई बसवराज, त्याला पान्याच्या खात्यात ठेक्यावर काम त्येंनीच लावून दिलं. मी मागितलं न्हवतं, मागायला गेले न्हवते, पोरीनं परस्पर सांगितलं आन अण्णांनी केलं. म्हनून म्हनते, मी त्येंचं काम काय लाचारीनं करत न्हवते, मनापासनं करत व्हते.

मंग लई वर्सं विलेक्शनच झालं न्हाय. महापालिकेत साहेब लोकच कारभार बगत व्हते. आन आता जवा लागलं, संक्रांतीच्या तोंडाला, तवा अण्णांनी पुन्यासनं एक सर आनला. तिशीतला, कापडं एकदम इस्त्रीची, हातात ती मोठी पाटी मोबाईलसारखी. त्या पाटीत समदी यादी. हिरवं, पिवळं, लाल. मी बगितलं आन म्हनलं ह्ये तर माजंच हाय, बरोबर, गोल आन फुली, नुसता रंग दिलाय. सर हसला. म्हनला मावशी, तुमचा डेटा एक नंबर हाय. मी म्हनलं डेटा म्हंजी काय. म्हनला तुमाला जे म्हाईत हाय ते.

मला वाटलं बरोबरची आन गोलाची यादी मागंल. तर त्यो म्हनला मला फुलीची यादी पायजे, आन त्यातली मेलेली नको, जितीच पायजेत, गावाबाहेर हायत ती, नाव, वय, आन ह्या टायमाला येनार न्हाईत ह्याची पक्की खात्री. मी म्हनलं फुलीचं काय करनार तुमी, तितं तर कुनी जात न्हाय. त्यो म्हनला आमी गाड्या पाठवनार हाय मावशी, भिवंडीला, पुन्याला, मत टाकून परत सोडनार. पन जे आपले आपन येनारच हायत तेंच्यासाठी गाडी कशाला वाया घालवायची, म्हनून जे येनार न्हाईत तेच सांगा. बगा, किती सरळ लागतंय ऐकायला. मला बी सरळ लागलं. उलट मला लई आनंद झाला. म्हनलं आयांना पोरं दिसतील की सनाला.

आठ दिवस फिरले. दही देता देता इचारायची, पोरगं येनार का गं, सुट्टी हाय का, न्हाय म्हनली की म्हनायची, काळजी करू नको, अण्णा गाडी पाठवनार हायत. माज्या तोंडानं सांगितलं मी. ताई, ह्ये नीट लिवा, माज्या तोंडानं सांगितलं.

नरसम्मा म्हनून हाय, तेलुगू गल्लीत शेवटचं घर, विड्या वळती, माज्याच वयाची. तिचा पोरगा व्यंकटेश भिवंडीला मागावर हाय, दोन वर्सं आला न्हवता. सुट्टी घेतली की खाडा पडतो, आन सून बी तितंच कामाला. मी सांगितलं, गाडी येनार हाय. नरसम्मानं सूप खाली ठिवलं. विडीची पानं तशीच मांडीवर. म्हनली खरं सांगतीस का. मी म्हनलं अण्णांचा शब्द हाय. मंग तिनं सकिनालू करायला घेतले, तांदळाचे असत्यात, तीळ घालून, गोल गोल हातानं वळायचे, चकलीवानी, संक्रांतीला त्येंच्यात करत्यात. डबा भरून केले. मला दोन दिले खायला, बाकी झाकून ठिवले, म्हनली त्याला ताजे लागतात. दुसऱ्या दिवशी गेले तर म्हनली मी त्याला फोन केला, त्यो म्हनतो मला कुनाचा फोन न्हाय, कसली गाडी. मी म्हनलं येईल फोन. सराला इचारलं, सर म्हनला व्हय व्हय, यादी मोठी हाय, येईल नंबर.

लई गोड हसून व्हय व्हय म्हनला. आन मी बाई, जिनं दर विलेक्शनला आसल्या मानसापुडं गोल केला, मला तवा कळलं न्हाय.

मतदानाच्या दिवशी मी अण्णांची एजंट व्हते. शाळेच्या खोलीत बसायचं, यादी मांडीवर, साहेब नाव पुकारनार, आपन बगायचं मानूस त्योच हाय का, आन पेन्सिलीनं खून करायची. दर टायमाला मीच बसते, कारन मला चेहरा म्हाईत. सकाळी येताना तेलुगू गल्लीत डोकावले. गाडी न्हवती. नरसम्मा उंबऱ्यात बसली व्हती, नवं लुगडं नेसून. म्हनली येईल का आता. मी म्हनलं उशीर झाला आसंल.

दहाच्या सुमाराला एक नाव पुकारलं, मी यादीत बगितलं तर माज्या हातची फुली. वर बगितलं तर मानूस अनोळखी. म्हनलं आसंल, दाढी वाढली आसंल, पोरं बदलत्यात. सोडलं मी. खरं सांगते, पयला मी सोडला. बटनं दाबून गेला त्यो. मंग थोड्या येळानं दुसरा. परत फुली. परत अनोळखी, आन गळ्यात मातर अण्णांच्या हापिसातल्या पोरांच्या असतो तसला गमछा. गाड्या कुटं गेल्या, ते कळलं मला. गाड्या न्हवत्याच. फुलीची यादी गाडीसाठी न्हवती.

आन मंग साहेबांनी पुकारलं, व्यंकटेश, नरसम्माच्या पोराचं पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. मी पुढं वाकून बगितलं. चाळीशीचा एक गडी, मिशीवाला. व्यंकटेश माज्यापुडं लहानाचा मोठा झालाय, त्याला उजव्या भुवईवर खोक हाय, मागाचा धोटा लागलेला. मी उठून उभी राहिले. म्हनलं साहेब, थांबा, ह्यो व्यंकटेश न्हाय.

समोरच्या पार्टीचा एजंट माज्याकडं बगायला लागला, हिला झालंय काय म्हनून. साहेब म्हनले, ते बी कुठल्या तर गावचे मास्तर व्हते बिचारे, मावशी तुमी कुनाच्या एजंट. मी म्हनलं अण्णांची. त्यो मिशीवाला खाली वाकून माज्या कानाशी म्हनला, मावशी, आपलाच हाय मी. मी मोठ्यानं म्हनलं, म्हनूनच म्हनते.

साहेब म्हनले कार्ड तर हाय त्याच्याकडं. कार्ड व्हतं, नाव व्यंकटेशचं, फोटो ह्या गड्याचा. साहेब म्हनले आक्षेप घ्यायचा आसंल तर लिवून द्यावं लागंल, सही करावी लागंल. मी म्हनलं देते, कागद आना, पन आदी मला एक सवाल इचारू द्या. मी त्याच्याकडं वळले आन म्हनलं, नी अम्मा पेरेंदी. तुज्या आईचं नाव काय, तेलुगूमधी. त्यो नुसता बगत ऱ्हायला. परत इचारलं, नी अम्मा पेरेंदी रा. त्यो म्हनला काय म्हनताय कळंना. खोलीत दाराशी शिपाई व्हता तेलुगू, त्यो खुदकन हसला. मी म्हनलं साहेब, तेलुगू पद्मशाली घरातला पोरगा हाय आन आईचं नाव इचारलेलं कळत न्हाय त्याला. मंग साहेबांचा आवाज बदलला. म्हनले बाबा, खोटं निगालं तर तुला पोलिसात द्यावं लागंल, बस हितं. पन त्यो कुटला बसतोय, कार्ड टेबलावर तसंच टाकून दारातनं गेला निघून.

मी त्या कागदावर सही केली. मराठीत केली सही.

मंग एकेक. दुपारपतोर चार जन मी परत पाठवले. कन्नड घराचं नाव घेऊन आला त्याला कन्नडमधी इचारलं, मोहल्ल्यातलं नाव घेऊन आला त्याला म्हनलं तुज्या घरी दहीवाली खाला येती, तिला वळखतोस का, त्यो म्हनला न्हाय. मी म्हनलं बग माज्याकडं नीट. समोरच्या पार्टीचा एजंट खुश होऊन म्हनला वा मावशी. त्याला बी सांगितलं, तू गप बस, तुज्या बाजूचा आला तर त्याला बी उठवनार हाय. आन उठवला एक, खोटं न्हाय सांगत.

बाहेर कळायला किती येळ. खिडकीत अण्णांची मानसं. बोटानं खुनावत्यात, बाहेर ये. मी बगितलंच न्हाय. चहा पाठवला, चहा घेतला. मंग तीनला अण्णांच्या सहीचा कागद आला, निंगव्वाला एजंट म्हनून काढलंय, तिच्या जागी दुसरा बसंल. साहेबांनी वाचला, माज्याकडं दिला. म्हनले मावशी, मला इलाज न्हाय. मी म्हनलं तुमचं काय चुकलं. उठले, यादी काखेत घातली आन बाहेर आले. दाराशी सर उभा. म्हनला मावशी काय केलंत, तुमच्या जावयाचा तर इचार करायचा. मी म्हनलं तुमी नरसम्माचा केला का. त्यो म्हनला कोन नरसम्मा. बगा तुमी. त्याच्या पाटीत नाव व्हतं तिचं, हिरव्या रंगात, त्याला म्हाईत न्हाय.

घरी जाता आलं आसतं. गेले न्हाय. तेलुगू गल्लीत गेले, नरसम्मा तितंच बसलेली. मी तिला समदं सांगितलं. म्हनलं गाडी येनार न्हाय, गाडी न्हवतीच, तुज्या पोराच्या नावावर दुसऱ्यालाच उभा केला व्हता, आन त्याचं नाव मीच लिवून दिलं व्हतं. मला वाटलं शिव्या देईल. द्यायलाच पायजे व्हत्या. ती उठली. मंग पायात चप्पल घातली. म्हनली चल, बगू दे मला कोन माजा पोरगा झालाय त्यो.

मंग आमी दोगी घरोघरी. मोहल्ल्यातली रजिया खाला, तिची दोन्ही पोरं पुन्याला. खाली बोळात एक म्हातारी, तिचा नातू हैदराबादला. मी फुली मारलेल्या घरांतल्या आया समद्या. एकेकीला सांगितलं, तुज्या पोराचं नाव कुनी तर घेऊन चाललाय, ये बगायला. दहा-बारा जनी झालो. ज्यांचं मत ऱ्हायलं व्हतं त्येंनी आदी मत टाकलं, मंग आमी शाळेबाहेर, ती शंभर मीटरवर चुन्याची रेघ मारत्यात ना, तिच्या ह्या बाजूला ओळीनं बसलो. कुनाचं नाव न्हाय, घोषना न्हाय, चिन्ह न्हाय. नुसतं बसलो. जो अनोळखी गडी येईल त्याला इचारायचं, कुनाचा रे तू. येवढंच. खरा आसला तर हसून सांगायचा, मी अमक्याचा. खोटा आसला तर वळून जायचा. पाच-सा जन वळून गेले माज्या डोळ्यादेखत.

पोलीस आला. म्हनला काय चाललंय हितं, उठा. नरसम्मा बसल्या जागेवरनं म्हनली, तिच्या तेलुगू मराठीत, माजा पोरगा मत टाकायला येनार हाय म्हनं, त्याची वाट बगते. पोलिसानं आमच्या ओळीकडं बगितलं, रेघंकडं बगितलं. आमी रेघंच्या बाहेर व्हतो. त्यो तितंच झाडाखाली जाऊन उभा राहिला आन शेवटपतोर आमाला काय म्हनला न्हाय.

अण्णा निवडून आले. व्हय, आले. आमच्या शाळेवर कमी पडली मतं त्येंना, पन दुसऱ्या शाळांवर पडली. म्हनून कुनी म्हनतं, निंगव्वा, काय झालं तुज्या बसन्यानं. मी म्हनते अण्णांना पाडायला मी बसलेच न्हवते. त्येंना खरी मतं पडली आसतील तर पडू देत. नरसम्माच्या पोराचं मत कुनी चोरून न्हेलं न्हाय, तेच्यासाठी बसले व्हते.

बसवराजचं काम गेलं. पंदरा दिवसात ठेकेदार म्हनला मानसं कमी करायची हायत. महादेवी माज्याशी दोन म्हैनं बोलली न्हाय. मंग आली, भांडायला आली, म्हनली आई, तुला करायचं ते केलंस, पन माज्या नवऱ्याला इचारलं न्हाईस. ते तिचं खरं हाय. न्हाय इचारलं. येळ न्हवता, आन येळ आसता तरी इचारलं नसतं, कारन त्यो न्हाय म्हनला आसता तर मी काय केलं आसतं. येवढं एक मला टोचतं. जावई मातर मला कवा काय बोलला न्हाय. आता चादरीच्या कारखान्याचा टेम्पो चालवतो, पगार थोडा कमी हाय, कंबर दुकती म्हनतो.

व्यंकटेश उन्हाळ्यात आला, सोताच्या पैशानं, चार दिवस. सकिनालू तवर मऊ पडले व्हते, आईनं परत केले. उन्हाळ्यात कोन करतं का, पन केले.

आन आता ऐका. मागल्या म्हैन्यात अण्णा आले. सोता आले, एकटे, माज्या कट्ट्यावर बसले पयल्यासारखे. आता त्यास्नी आमदार व्हायचंय. काखेत गठ्ठा व्हता. म्हनले निंगव्वा, झालं गेलं, त्या सरानं परस्पर केलं, मला म्हाईतच न्हवतं. मी म्हनलं अण्णा, मला काढायच्या कागदावर सही तुमची व्हती. त्येंनी गठ्ठा काखेतनं काढून कट्ट्यावर ठिवला. मंग म्हनले बसवराजचं परत बगतो मी. मी म्हनलं बगा, तुमी नगरसेवक हाय, बगायलाच पायजे, पन त्याच्या बदल्यात माज्याकडनं खुना मागू नका. बरोबर न्हाय, गोल न्हाय, फुली न्हाय. कोन येनार आन कोन न्हाय ते मला म्हाईत हाय, मरंपतोर म्हाईत ऱ्हानार, पन मी कुनाला सांगनार न्हाय. ते म्हनले यादी ठिवून जातो, इचार कर. आन ठिवून गेले.

ती यादी हितंच हाय, त्या फळीवर. दुपारी बाया येत्यात, मी वाचून दाखवते. हिचं नाव हाय, हिचं गेलंय, हिचं वय सत्तरच्या जागी सात पडलंय. ज्यांचं न्हाय त्येंना फॉर्म भरायला लावते, रजिया खालाची नात भरून देती. अण्णांचा मानूस दोनदा येऊन गेला यादी न्ह्यायला. म्हनलं काम चाललंय अजून, झालं की सांगते.

गुडघं दुखत्यात, पाटी आता अर्धीच भरते, पन गल्ली एक बी सोडली न्हाय. तुमी येवढं येळ बसून ऐकलं, लिवून घेतलं, देव तुमाला सुखात ठिवो. तुमी कुटं ऱ्हाता ताई, सात रस्त्याकडं म्हनलात न्हवं. तितली यादी माज्याकडं न्हाय. पन कुनाच्या तर हातात आसंल, आन तुमच्या नावापुडं त्यानं काय तर खून केली आसंल, तुमाला न इचारता. ती काय हाय ते शोधत बसू नका. मतदानाच्या दिवशी सकाळी उठा, आन चालत जावा.